वावरातले पाणी वावरालाच

आश्लेषा नक्षत्रात कधी कधी असा पाऊस येतो की समोरचा माणूस दिसत नाही. दोन तासांत वावरे भरून वाहू लागतात. आपण पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन बांधावर जातो. कुठे बांध फुटला का ते पाहतो. पाणी सरीसरीने खाली येते. ओघळीला मिळते. ओघळ नाल्याला मिळते, आणि आपले पाणी गाव सोडून जाते. आपण म्हणतो, "झाला बुवा एकदाचा पाऊस!" आणि घरी येऊन चहा घेतो.

मग उघडीप पडते. चार दिवस बरे वाटते. खुरपण होते. आठ दिवस होतात, पंधरा होतात. मघा कोरड्या जातात. सोयाबीन शेंगा धरायला लागलेले असते आणि दुपारी ते माना टाकते. आता आपण आभाळाकडे पाहतो. तीन आठवड्यांपूर्वी जे पाणी आपल्याच बांधावरून उड्या मारीत गेले, त्यातला थोडा हिस्सा आज हवा असतो. तो मिळाला तर पीक घरात येते. नाही मिळाला तर बियाण्याचे, खताचे आणि मजुरीचे पैसे मातीत जातात. सोसायटीचे कर्ज मात्र जागच्या जागी राहते.

हा धडा त्या थोड्या हिश्श्याबद्दल आहे.

तुम्ही आता आकडे वाचू-लिहू लागला आहात. म्हणून आधी हिशेब करू. एका एकरावर एक इंच पाऊस पडला, तर किती पाणी पडले? सुमारे एक लाख लिटर. हा आकडा असा लिहितात : १,००,०००. एकावर पाच शून्ये. उन्हाळ्यात गावात येणारा टँकर दहा हजार लिटरचा धरला, तर असे दहा टँकर झाले. एका एकरावर, एका इंचाला.

हे सगळेच पाणी काही वाहून जात नाही. मृगाचा पाऊस तापलेली जमीन पिऊन टाकते. पण जमीन भिजून तृप्त झाली आणि मग एका दिवसात तीन इंच पाऊस झाला, तर त्यातला चौथा हिस्सा वाहिला असे धरू. एकरी पडले तीन लाख लिटर. वाहून गेले पाऊण लाख. तुमचे वावर पाच एकर असेल तर पावणेचार लाख लिटर पाणी एका दिवसात बांधाबाहेर गेले. म्हणजे सदतीस टँकर, वर थोडे. उतार जास्त असेल, जमीन उघडी असेल, तर याहून अधिक जाईल.

त्या पाण्याचा रंग कधी पाहिला आहे का? कुठे ते तांबडे असते, कुठे काळे. तो रंग पाण्याचा नाही, आपल्या वावराचा आहे. वरचा कसदार थर त्यात असतो. उन्हाळ्यात घरच्या बायकांनी पाट्या वाहून टाकलेले शेणखत असते. पेरणीबरोबर दिलेले विकतचे खतही असते. हे सारे पुढे धरणात जाऊन बसते. तिथे त्याला गाळ म्हणतात, आणि तो काढायला पुन्हा पैसे लागतात.

पाणी अडवून पिकाला देण्याची युक्ती नवी नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत धानाची शेती आहे. तिथे वावराच्या वरच्या अंगाला शेतकरी लहानसे तळे करतात. त्याला बोडी म्हणतात. वरून वाहत आलेले पाणी बोडीत साठते. पुढे पावसाने ताण दिला आणि धान निसवण्याच्या वेळी पाणी कमी पडले, तर बोडी फोडून खालच्या बांध्यांत पाणी सोडतात. इंजिन लागत नाही, वीज लागत नाही. पाणी आपल्या पायांनी खाली जाते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक लिहिले. पलटणीतल्या शिपायांकडून जागोजाग ताली आणि बंधारे घालून घ्यावेत, असे त्यांनी त्यात सरकारला सुचवले. पावसाचे पाणी आधी शेतात मुरावे, मग नदीला मिळावे, असा त्यांचा विचार होता. या गोष्टीला १४० वर्षे होऊन गेली.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातले. पुरंदर तालुक्यात पाऊस मुळातच थोडा. १९७२ च्या दुष्काळात तिथली माणसे खडी फोडायला गेली. पुण्याचे एक इंजिनिअर विलासराव साळुंखे यांनी ते हाल पाहिले. त्यांनी नायगाव येथे देवस्थानची ४० एकर उतरणीची, पडीक जमीन कराराने घेतली. उताराला आडवे बांध घातले. पायथ्याशी पाझर तलाव केला. तलावाच्या खाली विहीर खणली आणि तिचे पाणी उपसून वर वावरात नेले. जे पाणी माळावरून वाहून जात होते, तेच पाणी पुन्हा माळावर चढले. १९७४ साली त्यांनी ग्रामगौरव प्रतिष्ठान स्थापन केले आणि या कामातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचे नाही, घरातल्या माणसांच्या मापाने द्यायचे. माणशी अर्धा एकर भिजेल इतके. एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. उसाला पाणी नाही. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा.

आता आपल्या वावराकडे येऊ.

तळे खणण्याआधी एक काम करावे लागते. ते फुकटात होते, म्हणून लोक ते करीत नाहीत. पेरणी उताराला आडवी करावी. उताराच्या दिशेने तिफण चालवली की प्रत्येक तास म्हणजे पाण्याला काढून दिलेला पाटच होतो. आडवी पेरणी केली की प्रत्येक तास लहानसा बांध होतो. फुटलेले बांध दुरुस्त करावेत. इतके करून जे पाणी उरेल, तेवढ्यासाठी तळे.

तळ्याची जागा वावराच्या खालच्या अंगाला, जिथे पाणी आपोआप गोळा होते तिथे पाहावी. पण थेट नाल्यात तळे करू नये. नाल्याला पूर आला की एका रात्रीत ते गाळाने भरते किंवा वाहून जाते. मग जमीन पाहावी. काळी चिकण माती पाणी धरते. मुरूम पाणी सोडून देतो. खात्री करायची असेल तर तीन फूट खोल खड्डा घ्या, त्यात पाणी भरा, ते जिरले की पुन्हा भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पहा. पाणी फारसे उतरले नसेल तर जागा चांगली. सगळे गेले असेल तर तिथे तळे पाणी धरणार नाही. पण ते अगदी वाया जात नाही. ते पाणी खालच्या विहिरींना मिळते. मात्र विहीर शेजाऱ्याची असेल, तर खर्च कोणी करायचा हे आधी बोलून घ्यावे. नंतर बोलले की भांडण होते.

आकार किती असावा? २०१६ साली राज्य सरकारने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना काढली. तेव्हापासून मीटरमध्ये बोलायची सवय लोकांना लागली आहे. एक मीटर म्हणजे सव्वातीन फुटांहून थोडे जास्त. वरून २० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असे तळे घेऊ. बाजू उभ्या ठेवायच्या नाहीत, त्या ढासळतात. जितकी खोली तितकाच उतार बाजूंना द्यायचा. म्हणजे तळ १४ मीटर लांब आणि १४ मीटर रुंद राहतो. माती भुसभुशीत असेल तर उतार याहूनही जास्त द्यावा. अशा तळ्यात ८ लाख ७६ हजार लिटर पाणी मावते. वर सांगितल्यासारखे मोठे पाऊस दोन-तीन झाले की पाच एकरांच्या पाण्यावर ते भरते.

इथे कोणी विचारील, "गुरुजी, जमीन किती जाते?" विचारायलाच पाहिजे. तळ्याला चार गुंठे जातात. भोवतीचा बांध धरून सहा गुंठे समजा. ज्याला दोनच एकर जमीन आहे, त्याला सहा गुंठे जड जातात. त्याने लहान तळे करावे, किंवा शेजारच्या भावाबरोबर मिळून एक करावे. कागद केल्याशिवाय मात्र करू नये, मग भाऊ सख्खा असला तरी.

खणलेली माती तळ्याच्या अगदी काठावर टाकू नये. पहिल्याच पावसात ती पुन्हा आत येते. काठापासून तीन-चार फूट सोडून बांध घालावा. पाणी जिथून आत येते, तिथे आधी एक लहान खड्डा करावा. वाहते पाणी त्यात थबकते, गाळ खाली बसतो आणि निवळलेले पाणी तळ्यात जाते. दर उन्हाळ्यात तो गाळ काढून वावरात पसरावा. तो आपलाच पोयटा आहे, परत घरी आला असे समजा. पाणी उतरण्याच्या जागी दगड पिचून घ्यावेत.

आणि सांडवा. तळे भरल्यावर जादा पाणी ज्या वाटेने बाहेर जाते, ती वाट म्हणजे सांडवा. तो बांधाच्या माथ्यापेक्षा खाली असावा, रुंद असावा, आणि त्याचे पाणी गवत असलेल्या ओघळीत जावे. याविषयी आम्ही जोर देऊन सांगतो, कारण ही चूक आमच्याच हातून झाली आहे. आम्ही आमच्या वावरात तळे खणले, तेव्हा सांडवा काढायला यंत्र आणखी अर्धा दिवस लागणार होते. आम्ही म्हटले, पुढच्या वर्षी काढू. भाद्रपदात एका रात्री जोराचा पाऊस झाला. तळे भरले. पाण्याला वाट मिळाली नाही, तेव्हा त्याने खालच्या कोपऱ्यातला बांध कापून आपली वाट केली. खाली शेजाऱ्याचे कांद्याचे रोप होते. सकाळी ते आमच्या दारात आले. आवाज चढवला नाही. इतकेच म्हणाले, "गुरुजी, तुमचं पाणी आमच्या वावरातून फिरून गेलं. येऊन बघता का?" आम्ही गेलो. रोपाच्या जागी रेव पसरली होती. आम्ही रोपाचे पैसे दिले, पण त्यांचा लावणीचा हंगाम काही परत देता आला नाही. अर्ध्या दिवसाचे भाडे वाचवायला गेलो होतो.

तळे झाले, भरले. आता खरा प्रश्न येतो. पाणी केव्हा द्यायचे?

आमच्या ओळखीचे एक शेतकरी आहेत. नाव कशाला लिहायचे? त्यांना आबा म्हणू. आबांचे तळे श्रावणात काठोकाठ भरले. त्यानंतर पावसाने अठरा दिवस ताण दिला. सोयाबीन शेंगांत होते. त्यांची बायको रोज वावरात जाई. ती म्हणाली, "अहो, इंजिन लावा. पीक माना टाकतंय."

आबा म्हणाले, "थांब गं. पाऊस येईल. हे पाणी हरभऱ्याला ठेवायचं आहे."

ती म्हणाली, "हरभरा अजून पोत्यात आहे. हे तर उभं आहे."

आबांनी ऐकले नाही. पाणी तळ्यात आणि पीक उन्हात. सोयाबीनच्या शेंगा पोचट राहिल्या. पोती मोजायला दोन्ही हातांची बोटे लागली नाहीत. मग उत्तरा नक्षत्रात पाऊस आला, चांगला तीन-चार दिवस आला. पण तळे आधीच भरलेले! नवे पाणी मावणार कुठे? ते सांडव्यावरून निघून गेले.

आबांनी मघांत तळे उपसून पीक वाचवले असते, तर उत्तरांनी ते पुन्हा भरून दिले असते. एकाच तळ्यात दोनदा पाणी आले असते. भरलेले तळे पाहायला बरे वाटते, पण पावसाळ्यात ते रिकामे झालेले बरे. त्यातच पुढचा पाऊस साठतो. आबांना पुढे हेही दिसले की राखलेले पाणी राहतही नाही. तळ्याला प्लास्टिकचा कागद नव्हता. थोडे पाणी मुरत होते, थोडे उडत होते. हरभऱ्याला द्यायची वेळ आली तेव्हा तळे निम्म्याच्या खाली गेले होते. बायको म्हणाली, "बघा, आपण नाही दिलं, ते उन्हानं पिऊन टाकलं." ही गोष्ट आबांनी स्वतःच आम्हाला सांगितली. आता ते इंजिन आधीच दुरुस्त करून ठेवतात.

म्हणून पिकाचा नाजूक काळ ओळखावा. सोयाबीनला फुले येताना आणि शेंगा भरताना ताण सोसत नाही. रब्बी ज्वारीला एकच पाणी देता येणार असेल तर ती पोटरीत आल्यावर द्यावे. हरभऱ्याला एकच पाणी असेल तर फुले लागायच्या सुमारास. तुरीला फुले येताना आणि शेंगा भरताना. याला संरक्षणाचे पाणी म्हणतात. हे पाणी रोजचे नाही, अडल्या वेळचे आहे. सकाळी पीक ताजे आणि दुपारी मलूल दिसू लागले, जमीन भेगा टाकू लागली, की वाट पाहू नये.

किती एकरांना पुरेल? मोकळे पाणी दिले तर एकरी सुमारे दोन इंच लागतात, म्हणजे दोन लाख लिटर. आपल्या तळ्यात पावणेनऊ लाख मावते, पण मुरणे आणि उडणे धरून निम्मेच हाती येईल असे समजावे. सव्वाचार लाखांहून थोडे जास्त आले. म्हणजे दोन एकर. तुषार संच लावला किंवा एक सरी आड पाणी दिले, तर चार एकरांपर्यंत पोचते. पाचही एकर भिजवायला गेलात तर कुठेच धड पोचणार नाही. कोणते दोन एकर वाचवायचे हे घरात बसून आधी ठरवावे, आणि ठरवताना बायकांना विचारावे. कोणत्या कोपऱ्यातले पीक आधी सुकते, हे खुरपणाऱ्या बाईला ठाऊक असते.

आता एक कडू गोष्ट. अलीकडे काही जण तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरतात आणि ते पावसाच्या पाण्याने न भरता विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरतात. हिवाळ्यात जमिनीच्या पोटातले पाणी उपसून उन्हात उघड्यावर ठेवायचे आणि उन्हाळ्यात बागेला द्यायचे. चैत्र-वैशाखात आपल्याकडे तळ्याचे पाणी महिन्याला पाऊण ते एक फूट नुसते वाफ होऊन उडते. जमिनीच्या पोटात होते तोवर त्याला ऊन लागत नव्हते. आणि ते पाणी एकट्याचे नव्हते. तोच झरा शेजाऱ्याच्या विहिरीला आणि गावच्या आडाला जातो. फळबाग जगवणाऱ्याची अडचण आम्हाला कळते. डाळिंबाचे झाड एका उन्हाळ्यात मेले तर अनेक वर्षांची मेहनत जाते. तरीही अशाने गावाचा आड आटतो, हे आम्ही सांगणारच. त्याला शेततळे म्हणू नये. ती शेजाऱ्यांच्या विहिरीतून भरलेली टाकी आहे.

कागदाच्या तळ्याबद्दल आणखी एक बोलायचे आहे, ते आयाबापांनी नीट वाचावे. कागदावर शेवाळ धरते. तो काचेसारखा निसरडा होतो. आत पडलेले पोर काठ धरायला जाते आणि पुन्हा खाली घसरते. पट्टीचा पोहणारासुद्धा वर येऊ शकत नाही. त्याला काढायला उडी घेणारा बापही आत राहतो. अशा बातम्या दरसाल येतात. म्हणून तळ्याला चारी बाजूंनी तारेचे कुंपण घालावे आणि त्याला दार करावे. प्रत्येक बाजूला काठावर खुंटा ठोकून, जागोजाग गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवावा. एक-दोन रिकामे, झाकण घट्ट लावलेले डबे दोराला बांधून पाण्यावर तरंगत ठेवावेत. कागदाला जितके पैसे जातात, त्यापुढे दोराचा खर्च काहीच नाही. कागद नसलेल्या तळ्यालाही कुंपण हवेच. गुरे पाण्याला येतात आणि गुरांमागे पोरे येतात.

आता वही उघडा. एका शेतकऱ्याचे वावर तीन एकर आहे. एका दिवसात दोन इंच पाऊस झाला. पडलेल्या पाण्यातला चौथा हिस्सा वाहून गेला. तर किती लिटर पाणी गेले? आधी तीनला दोनने गुणा. जितके येतील तितके लाख लिटर पाणी पडले. त्याचे चार सारखे भाग करा. एक भाग उत्तर. दीड लाख आले तर बरोबर आहे.

मग तीनच्या जागी आपल्या वावराचे एकर लिहा आणि पुन्हा करा. ज्यांना वावर नाही त्यांनी शाळेच्या पटांगणाचा हिशेब करावा. पटांगण वीस गुंठे आहे, म्हणजे अर्धा एकर. पुढच्या वर्गाला येताना वही आणावी.